मांजर लोळते ती नशा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा अर्ध्यावर आला की सोसायटीच्या आवारात, कुंपणाच्या कडेला, गच्चीवरच्या बेवारस कुंड्यांत खोकली ही तणासारखी वनस्पती माजते. माळी ती उपटून ढीग घालतो आणि थोड्या वेळात आवारातली एखादी मांजर त्या ढिगापाशी येऊन मुळांवर गाल घासू लागते. मग अंग टाकून लोळते, मूळ पुढच्या पंजांत धरून मागच्या पायांनी लाथा झाडते. पाहणारे घाबरतात. कुणी म्हणतं विष खाल्लं, कुणी म्हणतं फिट आली, कुणी नशा चढली म्हणून मोकळं होतं. त्याच इमारतीत कुणीतरी महागाचं परदेशी कॅटनिप, म्हणजे मांजरींना भुरळ घालणारा वाळवलेला पाला, मागवलेलं असतं आणि आपल्या मांजरीने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही म्हणून पैसे वाया गेल्याची हळहळ चाललेली असते. हे दोन्ही प्रसंग एकाच गोष्टीचे आहेत. ती गोष्ट नीट समजली तर मांजरीचा आनंदही वाढेल आणि काही जीवघेण्या चुकाही टळतील, म्हणून हे सविस्तर पत्र.

कॅटनिप हे तुळस-पुदिन्याच्या कुळातलं झुडूप. युरोपपासून मध्य आशिया आणि काश्मीरपर्यंतच्या थंड भागात ते आपोआप उगवतं. पान उलटं करून भिंगाखाली धरलं की मऊ लवीच्या मधूनमधून बारीक चकाकणारे थेंब दिसतात. त्या ग्रंथी, आणि त्यांच्या आत असतं नेपेटालॅक्टोन, म्हणजे मांजरीला लोळायला लावणारं वासाचं रसायन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली ते कॅटनिपच्या तेलातून वेगळं काढलं. तुळशीचं पान नुसतं पाहून वास येत नाही, चुरडलं की घमघमतं, तसंच इथे. ग्रंथी फुटली तर वास, नाही तर वाळका पाला. पुढे जे जे सांगायचं आहे ते याच एका गोष्टीवर उभं आहे.

वास नाकातून जातो, पोटातून नव्हे. मांजरीच्या टाळूत वास घेणारा आणखी एक अवयव असतो, त्यामुळे हे काम त्याचं असावं असा समज होता. १९८५ साली कॅलिफोर्नियात झालेल्या प्रयोगाने तो खोडून काढला. टाळूतला अवयव निकामी केला तरी मांजरी लोळत राहिल्या, मेंदूकडे जाणारा नाकाचा मार्ग बंद केला तेव्हा थांबल्या. म्हणून कॅटनिपची पूड जेवणात मिसळून देण्यात अर्थ नाही. ती खाल्ल्याने मांजर लोळणार नाही, जास्त झाली तर उलटी किंवा जुलाब मात्र होतील.

खरी प्रतिक्रिया ओळखता आली पाहिजे, कारण त्यावरच घाबरायचं की नाही ते ठरतं. आधी मांजर हुंगते. मग चाटते, चावते, डोकं हलवते. मग गाल आणि हनुवटी घासते, आणि शेवटी कुशीवर पडून या अंगावरून त्या अंगावर लोळते. काहींची लाळ गळते. हा सगळा खेळ पाच ते पंधरा मिनिटांचा. त्यानंतर ती उठून निघून जाते आणि तोच पाला पुन्हा नाकाशी धरला तरी तासभर, कधी दोन तास, तिला त्याचं काही वाटत नाही. लोळताना ती हाकेला कान टवकारते, दार वाजलं तर उठून बघते. फिटमध्ये असं होत नाही. तिथे शरीर ताठरतं, पाय आपोआप झटके देतात, हाक ऐकू जात नाही, लघवी सुटते. हे दिसलं तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावं, मग शेजारी खोकलीचा ढीग असो वा नसो.

आता नशेबद्दल. जपानमधल्या इवाते विद्यापीठाच्या मासाओ मियाझाकी यांच्या गटाने २०२१ साली यावर मोठं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी कॅटनिपऐवजी मताताबी घेतली. ही किवी फळाच्या जातकुळीतली जपानी वेल, बाजारात ती सिल्व्हर वाइन म्हणून येते. तिच्यातल्या नेपेटालॅक्टॉल या घटकाचा वास दिल्यावर मांजरींच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढलं. हे शरीराचं स्वतःचं सुखद रसायन. त्याचा परिणाम अडवणारं औषध आधी टोचलं तर घासणं आणि लोळणं थांबलं. म्हणजे बाहेरून कोणतंही मादक द्रव्य मेंदूवर चढत नाही, मांजरीच्या शरीरातलाच आनंदाचा झरा थोडा वेळ सुटतो. व्यसन लागत नाही, दुसऱ्या दिवशी ती मागणी करत नाही, न मिळाल्याने आजारी पडत नाही. तिला ‘दारुडी’ म्हणून हसणं म्हणूनच चुकीचं आहे.

याच कामातला पुढचा भाग पावसाळ्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जवळचा वाटेल. मताताबीवर डोकं घासलेल्या मांजरींवर पट्टेरी डास कमी बसले. घासणं आणि लोळणं म्हणजे तोंडाला नि अंगाला डास पळवणारा लेप लावून घेणं होय, असा त्या गटाचा निष्कर्ष आहे. मग मांजर पान चावते कशाला, हे कोडंही त्यांनी २०२२ साली सोडवलं. चावलेल्या, फाटलेल्या मताताबीच्या पानांतून हे घटक अखंड पानांपेक्षा सुमारे दहापट बाहेर पडतात, कॅटनिपच्या पानांतून तर त्याहूनही जास्त. म्हणजे चावणं हे खाणं नसून ग्रंथी फोडणं आहे. आपण चटणीसाठी पुदिना ठेचतो, तसं.

मात्र सगळ्याच मांजरी लोळत नाहीत, आणि तो दोष ना मांजरीचा ना मालकाचा. हे अनुवंशाने येतं. १९६२ साली ते एकाच प्रबळ जनुकाचं काम असल्याचं मांडलं गेलं होतं, पुढे अनेक जनुकांचा हात असल्याचं दिसलं. २०१७ साली अमेरिकेत शंभर मांजरींवर चार वनस्पती तपासल्या गेल्या. कॅटनिपला साधारण दोन तृतीयांश मांजरींनी दाद दिली, मताताबीला जवळजवळ ऐंशी टक्के, व्हॅलेरियन या औषधी वनस्पतीच्या मुळाला आणि एका जातीच्या हनीसकल या झुडपाच्या लाकडाला साधारण निम्म्यांनी. ज्यांना कॅटनिपचं काहीच वाटलं नव्हतं त्यांतल्या चारांपैकी तीन मताताबीवर लोळल्या. एका वनस्पतीने काम झालं नाही म्हणून हात टेकायचं कारण नाही. वयाची अट मात्र आहे. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू सहसा काहीच करत नाही, सहा महिने पूर्ण होईपर्यंत निकाल लावू नये.

‘परिणाम झाला नाही’ या तक्रारीची बाकीची कारणं पाकिटातच सापडतात. पाकीट उघडून पाहा. पाला हिरवट-करडा, पानं-फुलं जास्त आणि वास पुदिन्यासारखा उग्र असेल तर माल चांगला. तपकिरी झालेला, काड्याच काड्या आणि वास वाळक्या गवताचा, तर तेल उडून गेलेलं आहे. दुकानाच्या काचेत उन्हात टांगलेली खेळणी बहुधा अशीच निघतात. दुसरी चूक म्हणजे पाकीट उघडून तसंच जमिनीवर ओतणं. चमचाभर पाला घ्यायचा, तळहातांत दोन-तीनदा जोर देऊन चोळायचा आणि जुन्या सुती टॉवेलवर पसरायचा. एका वेळी एका मांजरीला एवढं पुरे. खेळ संपला की टॉवेल घडी करून दृष्टीआड ठेवायचा. तो चोवीस तास समोर पडला की दोन दिवसांत तिला त्याची किंमत राहत नाही. आठवड्यातून दोनदा दिलं तर गोडी टिकते. उरलेला पाला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. पॉलिथिनच्या पिशवीत बाहेर राहिला तर काही महिन्यांत त्यात दम उरत नाही.

तिसरी चूक वेळेची. नव्या घरात आणलेली, डॉक्टरकडून नुकतीच परतलेली, बांधकामाच्या आवाजाने पलंगाखाली दडलेली मांजर लोळत नाही. भीती असेल तिथे हा वास काम करत नाही, म्हणून घाबरलेल्या मांजरीला शांत करायला कॅटनिप देण्याचा सल्ला फसतो. आणि घरात दोन-तीन मांजरी असतील तर पहिल्यांदा वेगवेगळ्या खोल्यांत द्यावं. एरवी गरीब असलेली एखादी या दहा मिनिटांत दुसरीच्या अंगावर जाते. पोटावर हात फिरवायला गेलेल्या माणसालाही नखं लागतात, तेवढा वेळ हात लांब ठेवावा.

मताताबीची पूड लागते चिमूटभरच, पाव चमचा म्हणजे पुष्कळ. किडीने गाठी धरलेल्या फळांची पूड काड्यांपेक्षा जोरकस असते. काड्या दिल्याच तर मांजर चघळत असताना जवळ बसावं, ढलपी निघू लागली की काडी टाकून द्यावी.

आता आपल्या दारातल्या खोकलीकडे येतो. कुप्पी, खाजोटी ही तिचीच नावं, कुळ एरंडाचं. मांजरीचा आणि तिचा संबंध आपल्या भागात फारसा कुणी नोंदवत नाही, पण इंडोनेशियात तिला ‘मांजरमूळ’ अशा अर्थाचं नाव आहे आणि मलय भाषेतलं तिचं नावही मांजरीवरूनच पडलं आहे. नेपेटालॅक्टोनच्या नात्यातलेच घटक तिच्या मुळात असतात. पानांना हुंगून मांजर पुढे जाईल, मूळ उघडं पडलं की थबकेल. म्हणून उभ्या रोपाशी ती कधी लोळताना दिसत नाही, माळ्याने उपटल्यावरच दिसते.

ओळख पक्की झाल्याशिवाय रोपाला हात लावू नये. खोकली गुडघ्याएवढी, फार तर त्याहून थोडी उंच. पानं अंडाकृती ते चौकटीच्या पत्त्यासारखी, कडा दातेरी. खालच्या पानांचे देठ लांब, त्यामुळे वरून पाहिलं तर एकही पान दुसऱ्याला झाकत नाही. खरी खूण पानाच्या बगलेतल्या तुऱ्यात आहे. तुऱ्यावर हिरव्या, दातेरी काठाच्या वाट्या एकावर एक बसलेल्या असतात, प्रत्येक वाटी अर्ध्या दुमडलेल्या द्रोणासारखी, आणि तिच्या आत मादीफूल. दुसरी खूण त्याहून सोपी: खोड मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती खोकली नव्हे. एरंडाच्या कुळातल्या दुधी, नायटीसारख्या कितीतरी तणांना चीक असतो, हिला नसतो.

रोप घ्यायचं ते ओल्या मातीतून, बुडाशी धरून सरळ वर ओढून, म्हणजे मूळ तुटत नाही. रस्त्याकडेचं, तणनाशक फवारलेल्या जागेचं किंवा भटक्या कुत्र्या-मांजरांच्या लघवीच्या जागेचं घेऊ नये. जमिनीवरचा सगळा भाग कापून टाकावा. मूळ वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळून धुवावं, खलबत्त्याच्या दांड्याने एक-दोनदा हलकेच चेचावं, जाड सुतळीने बांधून मांजरीपुढे धरावं. तिने घासावं, चाटावं. गिळू मात्र देऊ नये. या वनस्पतीत सायनाइड सोडणारा एक घटक असतो, आणि औषधी म्हणून तिची ख्याती आहे एवढ्यावर ती पोटात जाऊ देणं हा निव्वळ हट्ट ठरेल. दहा मिनिटांनी मूळ काढून घेऊन टाकून द्यावं. गाभण मांजर, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली मांजर यांना हा प्रयोग नकोच.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती नावाच्या घोळाची आहे. व्हॅलेरियनचा भारतीय भाऊबंद म्हणजे हिमालयातली तगर. काष्ठौषधींच्या दुकानात तिचं मूळ ‘तगरगंठोडा’ म्हणून मिळतं. मांजरींना ओढणारं ॲक्टिनिडीन व्हॅलेरियनच्या मुळात असतं, आणि वास मात्र माणसाला घामट मोज्यासारखा वाटतो. पण आपल्याकडे नुसतं ‘तगर’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते अंगणातली पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांची, देवपूजेची तगर. तिचं कुळ कण्हेरीचं, तोडली की पांढरा चीक गळतो, आणि ती मांजरीच्या तोंडाशी नेण्याची वनस्पतीच नव्हे. कुठेतरी ‘तगर मांजरींना आवडते’ एवढंच वाचून कुणी अंगणातली फांदी तोडून दिली तर अनर्थ होईल. उलट दुकानात जाऊन नुसता ‘गंठोडा’ मागितला तर दुकानदार पिंपळमूळ बांधून देतो, कारण स्वयंपाकातला गंठोडा तोच. त्यामुळे पूर्ण नाव सांगावं, मूळ हातात घेऊन मोडून हुंगावं, आणि मोज्याचा तो वास आला तरच घ्यावं. नखाएवढा तुकडा कापडात पुरचुंडी करून दिला की झालं.

युनानी दुकानांतला ‘बिल्लीलोटन’ हा आणखी एक सापळा. नाव ऐकून कॅटनिपच वाटतं, पण बादरंजबोया म्हणून विकल्या जाणाऱ्या निरनिराळ्या पाल्यांना हेच नाव चिकटवलेलं असतं. नावावर जाऊ नये. जटामांसीच्या मुळातही मांजरींना ओढणारा घटक आहे, तरीही ती मांजरीसाठी विकत घेऊ नये अशी आमची कळकळीची विनंती आहे. हिमालयातून ती इतकी खणली गेली आहे की नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर उभी आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. खेळण्यासाठी ती संपवणं योग्य नाही, दारात खोकली असताना तर नाहीच.

तेलांबद्दल एकच सांगणं: लावू नका. डास पळतात हे कळलं की लोक कॅटनिपचं तेल, निलगिरीचं तेल, टी ट्री तेल मांजरीच्या अंगाला चोळतात. मांजरीच्या यकृतात अशा पदार्थांचा निचरा करणारी यंत्रणा दुबळी आहे. माणसाला जे सहज पचतं ते तिच्या अंगात साठत जातं. त्यात ती अंग चाटते, म्हणजे लावलेलं सगळं पोटात. लाळ, थरथर, झोकांड्या ही विषबाधेची लक्षणं असतात आणि घरच्यांना ती कॅटनिपची मजा वाटते, हा खरा धोका आहे. कुत्र्यासाठी आणलेलं गोचीड-डासांचं परमेथ्रिनचं औषधही मांजरीला थेंबभर लावू नये, त्याने मांजरी मरतात.

जाता जाता वाघाबद्दल. २०१८ साली यवतमाळच्या पांढरकवड्यात टी-१ वाघिणीला भुलवायला परदेशी अत्तर वापरलं गेलं, तेव्हापासून ‘ते कॅटनिपच होतं’ असं ठोकून सांगितलं जातं. तसं नाही. त्या अत्तरातला आकर्षक घटक म्हणून चर्चा झाली ती सिव्हेटोनची, म्हणजे जवादी मांजराच्या ग्रंथीत सापडणाऱ्या वासाची. ती प्राण्याची खूण, ही पानाची. जपानमधल्या प्राणिसंग्रहालयांतल्या जग्वार, लिंक्स आणि बिबट्याने मताताबीच्या घटकावर डोकं घासलं होतं, वाघ मात्र कॅटनिपच्या बाबतीत बरेच उदासीन असतात.

ज्यांना खात्रीचा माल हवा आहे त्यांनी कॅटनिप घरीच लावावं. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत मुळं कुजतात, पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडे चांगलं येतं. पावसाळ्यात पेरू नये, दसऱ्याच्या सुमारास पेरावं म्हणजे सगळी थंडी हाताशी राहते. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू, खाली भोक मोकळं असलेली आठ इंची कुंडी. बी राईहून बारीक, वर चिमूटभर मातीच पुरे. एक ते दोन आठवड्यांत उगवतं. बोट पेरभर आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी. वीतभर झालं की शेंडे खुडावेत, फुटवे जास्त येतात. फुलं दिसू लागली की सकाळी दव सुकल्यावर कापणी करून जुड्या सावलीत उलट्या टांगाव्यात, उन्हात वाळवलं तर तेल उडतं. आणि पहिल्या दिवसापासून कुंडीवर कोंबडीजाळीचा गोल पिंजरा बसवावा, मातीत दोन बोटं रुतवून. शेंडे जाळीबाहेर आले की मांजरीला तेवढेच चावता येतात, बूड सुरक्षित राहतं. जाळी नसली तर ती रोपावर सरळ बसते, आणि मग वाळवायला काही उरत नाही.

आपले,
काही मांजरपालक वाचक, पुणे